पंगतीपासून मेजापर्यंत

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मराठी भाषकांच्या मनात आदराचे स्थान असलेले जुने शहर आहे. योगेश्वरीचे देवालय, मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची परंपरा आणि जयंती नदीचा काठ यांनी या शहराला त्याचे रूप दिले. निजामी राजवटीत याच शहराला मोमिनाबाद म्हणत. आज अशा जुन्या शहरांच्या हमरस्त्यांवर थंड हवेची आणि मंद प्रकाशाची भोजनगृहे उभी राहिली आहेत. काचेचे दार, मेजावरचे शुभ्र वस्त्र, घडी घातलेले रुमाल, जाडजूड मेन्यूकार्ड आणि शेवटी लिंबाची फोड घातलेली कोमट पाण्याची वाटी, हा सारा थाट आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही बाप्तिस्मा, मुलांची प्रथम कम्युनियन किंवा आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस अशा प्रसंगी तेथे जाऊन बसतात.

त्या मेजावर बसताना एक गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही. आपण कोण, कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे, हे कोणी विचारीत नाही. शेजारच्या मेजावर कोण बसले आहे, याची आपणही चौकशी करीत नाही. या न विचारण्याचे वय मराठी मुलखात फार मोठे नाही. आजही हयात असलेल्या वृद्धांच्या बालपणी ते अस्तित्वात नव्हते. ते कसे आले आणि त्यात ख्रिस्ती माणसाचा वाटा कोणता होता, हा इतिहास आम्हां ख्रिस्ती कुटुंबांनी जाणून घेण्यासारखा आहे, असे आम्हांला वाटते.

शिधा, पंगत आणि खानावळ

जुन्या काळी परगावी गेलेल्या माणसाने जेवायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. ज्याने त्याने आपले आपण रांधायचे. धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत उतरलेल्या यात्रेकरूला शिधा मिळे: पीठ, डाळ, मीठ, थोडे तूप. तीन दगडांची चूल मांडून तो आपली भाकरी आपण भाजून घेई. कोरडा शिधा कोणाच्याही हातचा चाले. शिजलेले अन्न मात्र चालत नसे. अन्न विकत देणारे घर ही कल्पनाच या व्यवस्थेत बसत नव्हती.

सामुदायिक जेवण होई ते पंगतीत. पंगतीचा एक गुण मानला पाहिजे. एकदा पान मांडले की सर्वांना तेच अन्न. यजमानाने एकाला तूप अधिक आणि दुसऱ्याला कमी वाढले तर त्याला लोक 'पंक्तिप्रपंच' म्हणत आणि तो दोष समजला जाई. परंतु पंगतीत पान कोणाचे मांडायचे, हे जन्मावरून आधीच ठरलेले असे. ज्याचे पान मांडता येत नाही तो 'अपांक्त'. रोटीव्यवहार, वाळीत टाकणे, ग्रामण्य हे सारे शब्द या एकाच व्यवस्थेतून आले आहेत. गावकुसाबाहेरच्या माणसाला पंगत उठल्यावर उरलेसुरले अन्न मिळे, आणि तेही दुरून.

पुढे कचेऱ्या, शाळा, गिरण्या आणि रेल्वे आल्या. माणूस घर सोडून शहरात राहू लागला आणि खानावळ जन्मास आली. सुरुवातीला खानावळीने पंगतीचेच नियम चालविले. 'ब्राह्मण खानावळ', 'मराठा खानावळ', 'लिंगायत खानावळ' अशा पाट्या मराठी शहरांत पुष्कळ काळ दिसत राहिल्या. स्वयंपाक करणारा कोण आहे हे ती पाटी सांगे. त्याच पाटीवरून येथे कोणी पाऊल टाकू नये, हेही न लिहिता कळे.

मोमिनाबादेत याच काळात आणखी एक जेवणघर होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची तेथे छावणी होती. ही फौज १९०३ साली वेगळी राहिली नाही, ती भारतीय सैन्यात विलीन करण्यात आली. इंग्रजी छावणी म्हटली की तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांची 'मेस' आलीच. लांब मेज, काटे-चमचे, काचेचे पेले, मागे उभे असलेले चाकर. वाढणारे हात या देशाचे असत, बसणारे मात्र नसत. काळाची गंमत अशी की 'मेस' हा शब्द आज महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळला आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले शेजारी बसून 'मेस'मध्ये जेवतात, तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थ त्यांच्या कानीही येत नाही.

एका पावाची दहशत

शिजलेल्या अन्नाची ही भिंत ज्या पदार्थाने सर्वांत अधिक हादरविली, तो पदार्थ आपल्याच लोकांनी या किनाऱ्यावर रुजविला. तो म्हणजे पाव. शब्द पोर्तुगीजांचा. गोव्यात आंबवण मिळेना म्हणून माडीने पीठ आंबविण्याची युक्ती निघाली, आणि गोव्याचे ख्रिस्ती भाजेकरी एकोणिसाव्या शतकात मुंबईत येऊन पावाच्या भट्ट्या चालवू लागले. वसईकडे पोर्तुगिजांची सत्ता १७३९ साली संपली. तरी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. या गोष्टींत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वेगळा विषय. परंतु ख्रिस्ती हाताने भाजलेल्या पावाचा एक तुकडा अख्खा गाव जातीबाहेर घालवू शकतो, अशी समजूत होती, हे त्यांवरून निश्चित कळते.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस मंडळी स्थापन केली, तेव्हा जात मोडण्याची कसोटी म्हणून त्यांनी पावाचीच निवड केली. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. हे सारे गुप्तपणे चाले. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि भीतीने मंडळी विस्कटली. विद्वान, धीट माणसांनाही पावाचा तुकडा उघड खाण्याचे धैर्य होत नव्हते, यावरून त्या काळचा धाक कळून येतो.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यात याच गोष्टीचा दुसरा अध्याय घडला. पुण्याच्या जुन्या पेठांच्या वस्तीत पंचहौद मिशन आहे. हे मिशन आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे, अँग्लिकन पंथाचे. तेथील पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आजही दुरून दिसतो. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील नामवंत मंडळी जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. मिशनऱ्यांनी पाहुणचार म्हणून चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती घेऊन खाली ठेवला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांच्यामुळे हजर राहिलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि शहरात गदारोळ उठला. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांपैकी अनेकांना त्याचे वाईट वाटले.

एका पेलाभर चहाने एवढे सारे घडले. रानड्यांसारख्या माणसावर दोष ठेवणे आज सोपे आहे. परंतु वाळीत पडलेल्या घरी मुलीचे लग्न जमत नसे, श्राद्धाला भटजी येत नसे, शेजारी हळदीकुंकवाला बोलावीत नसे. पेला एकाने उचलला तरी शिक्षा साऱ्या घराला होई.

घरातल्या बाईला हा बदल किती जड जात असे, ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सांगून ठेवले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी आपले पाणी आणि आपली चूल वेगळीच ठेवली. मग त्यांचे त्यांनाच उमगत गेले की माणसामाणसांतील ही शिवाशिव देवाने घातलेली नाही. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. अहमदनगरच्या परिसरातले, म्हणजे बीडच्या शेजारचे, हे उदाहरण आहे. मन पालटायला लागलेला हा वेळ आपण हिशेबात धरला पाहिजे.

बंद दारे आणि एक उघडे हॉटेल

आतापर्यंत सांगितलेल्या कथांतील माणसे उच्चवर्णीय होती. कोणाच्या हातचे खावे, हा त्यांचा प्रश्न. ज्यांना दारातच उभे केले जाई त्यांचा प्रश्न याहून बिकट होता. तो सोडविण्याचा एक सुंदर प्रयत्न कोल्हापुरात झाला. राजवाड्यात नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे या महार समाजातील गृहस्थांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण सोसावी लागली होती. शाहू महाराजांच्या पाठबळाने त्यांनी शहरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक येणार कोठून? तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबत, लवाजम्यासह चहा घेत. महाराजांनी घेतला तो चहा इतरांना नाकारता येईना. १९२२ साली महाराज निवर्तले. पण मराठी मुलखात हॉटेलच्या इतिहासाचे एक मानाचे पान त्यांनी लिहून ठेवले. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली 'अखिल हिंदू उपाहारगृह' सुरू केले. तेथे हिंदूंतील सर्व जातींना एकत्र बसता येत होते. मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी हेच काम भाषणे न करता केले. संगमरवरी मेजावर पाव-मस्का आणि चहा ठेवताना त्यांनी जात विचारली नाही.

मराठवाड्यात हे वारे उशिरा आले. बीडसह सारा मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी या भागात आले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर पाणी बाटविले म्हणून जमाव चालून आला. त्या जमावात मुसलमान होते. शिवाशिवीचे विष एका धर्मापुरते राहिलेले नाही, हे बाबासाहेबांनी त्या अनुभवावरून दाखवून दिले. परदेशी शिकून आलेल्या बॅरिस्टरची पाण्यापाशी ही गत, तर बीडच्या बाजारात मजुरीला आलेल्या माणसाने चहाच्या दुकानात बसण्याची आशा काय करावी?

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस आपण पाळतो. ज्यांच्या नेतृत्वाखाली हा लढा झाला त्या स्वामी रामानंद तीर्थांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षकाचे काम केले होते. त्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे नमूद आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचा उल्लेख का करावा लागला, हे वरचा इतिहास वाचल्यावर सांगावे लागत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयी कायदा झाला. त्यात हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. 'त्यांची' कपबशी वेगळी ठेवण्याची रीत गावोगाव होती, म्हणूनच हे कलम लिहावे लागले. कायदा झाल्यावरही ती कपबशी पुष्कळ ठिकाणी खिळ्याला टांगलेली राहिली. १९७२ साली डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ काढावी लागली, यातच काय ते आले.

प्रभूचे मेज

येथवर आपण इतरांचा इतिहास पाहिला. आता आपल्या घरात डोकावू. ख्रिस्तसभेचा आरंभच एका भोजनाने झाला आहे. प्रभू येशूवर जे आरोप झाले त्यांत, हा पापी लोकांबरोबर आणि जकातदारांबरोबर जेवतो, हा आरोप मोठा होता. जक्कयाच्या घरी तो आपण होऊन गेला. तरीही पहिल्याच पिढीत मेजावरून भांडण पेटले. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली तसा तो मागे सरला, आणि संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आला आहे. पुण्याच्या चहाचा आणि या प्रसंगाचा धागा एकच आहे: लोक काय म्हणतील, ही भीती.

करिंथ हे त्या काळचे संपन्न शहर. तेथे ख्रिस्ती लोक सुखवस्तू बांधवांच्या घरी प्रभुभोजनासाठी जमत. श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत आणि पीत. कष्टकरी उशिरा येत, तोवर अन्न संपलेले असे. काही अभ्यासकांच्या मते आतल्या भोजनदालनात मोजकेच पाहुणे मावत आणि बाकीचे बाहेरच्या चौकात राहत. संत पौलाने त्यांना कठोर शब्दांत सुनावले की हे प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही. पवित्र मिस्साच्या स्थापनेचे जे शब्द आपण दर रविवारी ऐकतो, त्यांचा लिखित स्वरूपातील सर्वांत जुना उल्लेख याच खडसावणीच्या ओघात आला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

भारतात तरी आपण त्या मेजाची लाज राखली काय? गोव्यातील काही गावांच्या कोंफ्रारियांत जातीवरून सभासदत्व ठरे, झग्यांचे रंगही वेगळे असत. वसईच्या किनाऱ्यावर श्रद्धा एक असूनही सोयरीक जुळविताना ज्ञातींच्या रेषा पिढ्यान् पिढ्या पाळल्या गेल्या. भारतातील कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत जातिभेद आजही आहे, हे मान्य केले. बीड जिल्हा ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. मराठवाड्यातील आपले पुष्कळ बांधव गावकुसाबाहेरून आले आहेत. ज्यांच्या आजोबांना चहाच्या दुकानात बाहेर बसून करवंटीत चहा घ्यावा लागला, त्यांची नातवंडे आज वेदीपुढे ओळीत उभी राहतात. तिथून बाहेर पडल्यावर आपल्या घरच्या जेवणाला आपण त्यांना बोलावतो की नाही, हा प्रश्न कोणा परक्याने विचारण्याची वाट आपण पाहू नये.

आजची पाटी

उंची भोजनगृहाच्या दारावर आता जातीची पाटी नसते. पाटी असते ती मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूस, आकड्यांत. पंगतीत अन्न सर्वांना एक होते, बसण्याचा अधिकार मात्र एक नव्हता. भोजनगृहात बसण्याचा अधिकार सर्वांना आहे, पण ऐपत सर्वांना नाही. या दुसऱ्या रीतीने पहिलीपेक्षा पुष्कळ माणसांना माणुसकी दिली, यात शंका नाही. तिची उणीव मात्र बीड जिल्ह्यात लवकर डोळ्यांत भरते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील फडांवर ती जोडी पाच-सहा महिने कोपीत राहते. पहाटेच्या अंधारात थापलेली भाकरी फडाच्या बांधावर बसून खायची, हे त्यांचे भोजन. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या मेजावरच्या आइस्क्रीममध्ये असते. हमरस्त्यावरून त्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर त्याच काचेच्या दारांसमोरून जातात. त्यांना आत येण्यास कायद्याने कोणी अडवीत नाही, आणि तरीही त्यांतले कोणी आत येत नाही.

आत काम करणाऱ्यांकडेही पाहिले पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. मागच्या मोरीत भांडी घासणारा हात एखाद्या लहान मुलाचा असेल तर ते पाहून न पाहिल्यासारखे करणे आपल्याला शोभणार नाही. वाढणाऱ्याला 'ए' म्हणून हाक मारायची की 'दादा' म्हणून, हेही आपल्याच हाती आहे.

हे लिहिताना चांगल्या जेवणाचा आनंद कोणी घेऊ नये, असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. प्रभू येशू लग्नाला गेला, मेजवान्यांना गेला, धनिकांच्या घरी जेवला. परंतु अशाच एका यजमानाला त्याने सांगितले, ते लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात आहे. परतफेड करू शकतील त्यांनाच बोलावू नकोस, ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांना बोलाव, हा त्याचा आशय. मुलाच्या प्रथम कम्युनियनचे जेवण ठरविताना पाहुण्यांच्या यादीत त्याच दिवशी, त्याच वेदीपुढे उभे राहिलेल्या एका गरीब घराचे नाव घालणे फार खर्चाचे नाही. वीस माणसांच्या मेजावर चार खुर्च्या अधिक लागतील. त्या घरातील आजी काटा-चमचा बाजूला ठेवून हाताने जेवू लागल्या, तर आपणही हातानेच जेवावे. गंगाराम कांबळ्यांच्या दुकानी शाहू महाराजांनी हेच केले होते: जेथे इतर बसत नव्हते तेथे ते स्वतः जाऊन बसले.